गाईची बाजू

पारनेरच्या स्टँडवर सत्यशीला एसटीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकड्यावर एक बाई तान्ही पोर घेऊन बसली होती. तिचा नवरा भेटलेल्या गाववाल्यापुढं तणतणत होता.

“कालवडच हुईल म्हनून डॉक्टरनं गाईला वळूच्या बीजाची कांडी भरली, अन् झाला गोऱ्हा.”

“गाईतच खोट असंल, भागवत.”

“गाईत कशाची खोट? गाय कायम एक्सच देती. एक्स का वाय, ते वळूच्या बीजावर ठरतं. शिबिरात सायबांनी चित्र काढून दाखवलं. उगं मुक्या जनावराला नावं ठिवू नगं.”

“बरं बाबा. वहिनींना घिऊन कुठं?”

“माहेरी सोडतोय. तिसरी बी पोरगीच झाली. आई म्हनती, हिच्या कुशीतच खोट हाय.”

“मग तू काय म्हनला?”

“आईपुढं मी काय बोलनार?”

एसटी लागली. सत्यशीला उठली. बाई बसूनच राहिली.

“चला की,” नवरा म्हणाला.

बाईनं पोरीचं टोपडं सारखं केलं.

“आदी घरी चला. आता गाईची बाजू घेतली, तशी आत्याबाईंपुढं माझी घ्या. मग खुशाल माहेरी सोडा.”