इंजिनावरचं नाव

नवी गाडी दाखव म्हणता, पण काय दाखवू? तीन वर्षं ऑनलाइन लिलावात हरत होतो. शेवटी पत्र्याची ती जुनी, चावीची खेळण्यातली आगगाडी मिळाली. रंगावर एक ओरखडा नाही! पार्सल बेलापूरला घरी आलं, तेव्हा मी नगरला. संध्याकाळी येऊन बघतो तर इंजिनावर ठिपक्याठिपक्यांनी माझं अख्खं नाव, आडनावासकट.

"आई, हे काय गं?"

"भांड्यांवर नावं घालणारा आलाय. म्हटलं, तुझ्या गाडीवरबी घालून घ्यावं. एवढी महागाची वस्तू, कुणी नेली म्हंजे?"

मी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "आता हिला फुकटसुद्धा कुणी नेणार नाही."

"मंग झालं तर! कपाटातल्या बाकीच्या काढ. त्यो अजून ओट्यावर बसलाय."