पोहायचा नवा चष्मा

दाताच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटी हळू आवाजात बोलत होती.

"ताई, पोहायच्या सरांनी परवा माझ्या पोरीला गाडीतून घरी सोडलं."

"बरंच झालं की. तुझी खेप वाचली."

"कुठली वाचतेय? मी तलावाच्या पुढच्या फाटकाशी वाट बघत उभी होते. त्यांनी मला पाहिलं होतं. तरी तिला मागच्या दाराने नेलं."

"घाईत असतील."

"पोहायचा नवा चष्माही दिलाय. वर म्हणाले, आईला सांगू नकोस."

"लाड करतात गं पोरींचे. सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणतं."

"म्हणू दे. पण एवढ्याशा पोरीला आईपासून लपवायला कशाला शिकवायचं?"

"हळू बोल. उगाच एखाद्याची अब्रू जायची."

"तुमची पोर कधी काही बोलली?"

"छे. तिला तर सर फार आवडायचे."

"आवडायचे?"

"मध्यंतरी पोहायला जायचं नाही म्हणून रडत होती. मला वाटलं, आळस. दामटून पाठवली."

"आत्ता कुठेय ती?"

"तिथेच."

"ताई, तुमचा नंबर पुकारतायत."

"दात गेला खड्ड्यात. ऊठ, रिक्षा थांबव. आधी तिला घरी आणू. तिच्यावर ओरडायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. मग चौकीवर जाऊ, तू माझ्यासोबत चल."

"चला."

"आणि वाटेत बाकीच्या आयांना फोन लाव. कोणाकोणाची पोर पोहायला जायचं म्हटलं की रडते, विचार."