‘झालं’ म्हणजे काय झालं

नाही, पुन्हा सांगा. मला कळेल असं सांगा. आणि नाकाला रुमाल दाबून धरा, टेबलावर रक्त गळतंय, मग म्हणाल फार मारलं. एकच ठोसा दिलाय. ही पहार अजून तुमच्यावर उचललेली नाही, नुसती मांडीवर ठेवलीय. दाराची काच फुटली ती दार उघडत नव्हतात म्हणून. ऑफिसातले बाकीचे कसे पळाले बघा, एवढे शिकलेले, आणि तुमच्यासाठी एक जण थांबला नाही! पोलिसांना बोलावलं असेल त्यांनी. येऊ देत. तोवर बोला.

तर कागदाच्या लगद्याच्या टाकीत साफसफाईला उतरायच्या आधी दादाने फोनवर बटण दाबलं – ‘टाकीत माणूस आहे’, ते बटण. तुम्हीच केलेलं. दाबल्या दाबल्या हिरवी खूण आली, खाली शब्द आला – ‘झालं’. बरोबर? मग मला सांगा, काय झालं? मान हलवू नका, तोंडाने सांगा. काहीच झालं नव्हतं! नोंद कुठे होती? पुढे पाठवायच्या रांगेत. आणि रांगेत तिच्यापुढे कोण होतं? मोठ्याने बोला, त्या मोडक्या दारापर्यंत ऐकू जाऊ दे – फोटो! फीत कापणाऱ्या मालकाचे फोटो, कारखान्यातल्या एकेका माणसाच्या फोनवर चालले होते, आणि माझा सख्खा भाऊ त्या फोटोंच्या मागे नंबर लावून उभा. तिकडे टाकी चालू करायच्या खटक्यावरच्या मामाने पडद्यावर पाहिलं – टाकी रिकामी, खटक्याला कुलूपही पडलेलं नाही. त्याने खटका ओढला. त्याला मी काही बोललो नाही. काय बोलू? त्याची वाचाच बसलीय.

वाजू दे तो फोन. माझाच आहे. वाजू दे.

तुम्ही कधी पाहिलीय ती टाकी? नाही ना. आत पाती असतात, माणसाच्या हाताएवढी. लगदा पांढरा असतो, साहेब. नेहमी पांढराच असतो. मी वर रद्दीचे गठ्ठे रचत होतो, मी खाली बघितलं आणि – जाऊ दे. पूर्वी काय होतं सांगू? पूर्वी आत उतरणारा आपली चप्पल खटक्याला अडकवायचा. ज्याची चप्पल त्यानेच काढायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकाच्या बापानेसुद्धा नाही. तिथे कसली रांग नव्हती. चप्पल आहे तर माणूस आत आहे, संपलं! मग तुमचं हे फोनवरचं बटण आलं आणि मुकादम म्हणाला, खटक्यावर चपला दिसल्या तर घरी बसवीन, बाहेरून बघायला लोक येतात, बरं दिसत नाही. दादा हसला होता. म्हणाला, चला, आता पायात चप्पल घालून मरू.

चेष्टेत म्हणाला होता रे! चेष्टेत!

हो, आधी फोनवर चाक फिरायचं, माहितीय मला. बटण दाबलं की चाक फिरत बसायचं आणि आम्ही शिव्या घालायचो, दादा तर सगळ्यात जास्त. म्हणून तू चाक काढलंस आणि खोटं लावलंस? काय म्हणालास मघाशी – माणसाला थांबवत नाही, ‘झालं’ म्हणून मोकळं करतो, काम मागाहून चालू राहतं. अरे, थांबव की माणसाला! थांबला असता, चार शिव्या जास्त दिल्या असत्या, जिवंत राहून दिल्या असत्या! सगळीकडे असंच करतात म्हणे. करा ना! फोटो मागाहून पाठव, कुणी मरत नाही. जिवंत माणूस मागाहून? हे घे – घे! – हे घे!

घाबरू नकोस. स्क्रीनवर मारलं, तुझ्यावर नाही. अजून. तुझं डोकं या स्क्रीनहून कठीण नाही, एवढंच लक्षात ठेव. ही पहार त्याचीच आहे, पात्यांतला लगदा सोडवायची. मूठ बघ कशी झिजलीय, त्याची बोटं बसायची तिथे. मी चौथीतून शाळा सोडली, मला तुझं काही कळत नाही, पण ही कशी चालवायची ते कळतं. ऊठ. त्या दुसऱ्या मशीनवर बस. ते बटण रांगेतून काढ, आत्ता, माझ्यासमोर. खटक्याला खरंच कुलूप पडेपर्यंत चाक फिरलं पाहिजे. आणि तोवर ‘झालं’ दिसता कामा नये. ‘थांबा’ लिही. मोठ्या अक्षरात लिही, आमच्यातल्या निम्म्यांना बारीक वाचता येत नाही –

वाजू दे म्हटलं ना! आई आहे. ताईकडे, माझ्या बहिणीकडे राहायला गेलीय. कालपासून फोन करतेय, विचारतेय दादासाठी मऊ काही करून आणू का, दवाखान्यातलं त्याला गोड लागत नाही. मीच सांगितलंय तिला – पायाला लागलं, डॉक्टरांनी टाके घातले, काळजी करू नकोस, सगळं झालं –

काय बघतोस?

काय बघतोस असा? तोंडातून गेलं तसं. तिचा आवाज ऐकला आणि गेलं. मागाहून सांगणारच होतो. बहिणीलाही गप्प बसवलंय. आधी तुझ्याकडे यायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे, मग तिला –

लिहिलंस? दाखव. ‘थांबा’. हां.

पुन्हा वाजतोय.

निघ. ऊठ म्हणतो ना, पहार खाली ठेवलीय, निघ! काचा आहेत तिकडे, बघून पाय टाक. आणि मागे वळून बघू नकोस, नाहीतर माझं डोकं पुन्हा फिरेल. जा!

हॅलो. हो गं, मीच. नाही – आई, ऐक – आधी खाली बस. ताई आहे का जवळ? तिचा हात धर.

बसलीस?