मिनोवाबाईंची गादी आणि माझं पंक

अहो नाही, नाही, डबा परत नका देऊ! घ्या तो. योकानच आहे, लाल चवळीची गोड वडी, साधंच आहे, अगदी क्षुल्लक... तुम्ही म्हणाल, आम्ही कालच राहायला आलो, डबा घेऊन आम्ही जायचं तुमच्या दारात, आणि हा माणूस उलटा आमच्याच दारात उभा राहून माफी कसली मागतोय? सांगतो ना! बूट काढत नाही, दारातूनच सांगतो, दोन मिनिटं. तुम्हाला सांगतो, या जिन्यावर सध्या माफीचा जो गोंधळ चाललाय ना, तो आधी कळला असता तर तुम्ही सामान टेम्पोतून उतरवलंच नसतं. गोंधळ काय, तर चूक माझी आणि माफी मिनोवाबाईंची!

मिनोवाबाई म्हणजे तुमच्या बरोब्बर डोक्यावर राहतात त्या. एकट्याच. बारीक अंगाच्या, मागे घट्ट अंबाडा. त्यांच्या भिंतीला भिंत लागून मी, कुरामोची. लोणच्याच्या कंपनीत आहे, माल पाठवायच्या खात्यात. दिवसभर माझं काम एकच, फोनवर मान लववून माफी मागायची. 'सुमिमासेन, गाडीला उशीर झाला', 'सुमिमासेन, मुळा जरा जास्तच पिवळा झाला', 'सुमिमासेन, तुम्ही मागवली काकडी आणि आलं वांगं'... फोनवर मान लववून समोरच्याला दिसते का? नाही दिसत. पण लववतो! आणि असा माणूस घरी आल्यावर काय करत असेल, ओळखा. पंक! हो, पंक! रॉक आणि पंक! हसू नका हो, बायको हसते तेवढं पुरे आहे.

कॉम्प्युटरवर करतो. गिटार कॉम्प्युटरातली, बास कॉम्प्युटरातला, अख्खा बँड त्या डब्यात, आणि गंमत म्हणजे चौघंही वेळेवर येतात. गाणं नाही, नुसतं वाजवणं. का? कारण पंकमध्ये शब्द घालायचे म्हणजे कुणाला तरी शिव्या द्याव्या लागतात. मी बसलो होतो एकदा लिहायला. पहिली ओळ काय सुचावी? 'आपणांस त्रास देत आहे, क्षमस्व'... आता यावर कसलं डोंबलाचं बंड करणार? म्हणून शब्द बाद. नावं तेवढी जहाल ठेवायची. नेटवर टाकायचं. ऐकतात चार-दोन लोक, त्यातला एक बहुतेक मीच असतो.

पण एक दुखणं होतं. ड्रम! कॉम्प्युटरातले ठोके कसे, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. राग म्हणून नाही त्यांच्यात. आणि एका रविवारी, छान ऊन पडलेलं, मी गॅलरीत मोजे वाळत घालतोय, आणि पलीकडून... धप्प! अहो काय सांगू! मिनोवाबाई कठड्यावर गादी टाकून वेताच्या काठीने बडवत होत्या. धप्प! ...धप्प-धप्प! मोजा हातातच राहिला माझ्या. तो ठोका! सबंध आयुष्य मी तो ठोका शोधत होतो आणि तो माझ्या शेजारी, अंबाडा घालून उभा होता!

मग मी काय केलं? सभ्य माणसाने काय करावं? बेल वाजवावी, विचारावं. मी फोन काढला, मोज्यात गुंडाळला, पलीकडच्या बाजूला सरकवला आणि ठोके उचलले. न विचारता. चोरी ती चोरी! आज कळतंय ते, पण तेव्हा काही नाही, तेव्हा आनंद. त्या ठोक्यांवर चाल बांधली, गिटारी चढवल्या, आणि नाव काय ठेवलं? 'माफी नाही!' उद्गारचिन्हासकट. ऐका, हे लक्षात ठेवा, 'माफी नाही!'

पुढे आला पावसाळा. आणि एक दिवस खाली टपालपेट्यांपाशी सूचना लागली. आपले रहिवासी मंडळाचे उशिओदासाहेब, त्यांनी लावलेली. आता आपल्यात सूचनेत कुणाचं नाव घालायची पद्धत नाही, नाव घालणं म्हणजे किती असभ्यपणा! म्हणून चित्र काढतात. 'काही घरांतून वेळी-अवेळी, पाऊस असतानाही, गादी बडवल्याचा आवाज येतो. एकमेकांची काळजी घेऊ या.' आणि खाली चित्र. एक म्हातारी, बारीक अंगाची, मागे अंबाडा, हातात काठी, डोळ्यांत दोन टपोरे अश्रू. नाव नाही हं! नाव कुठेच नाही!

मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, कमाल आहे या बाईची, पावसात गादी? हो, मीसुद्धा! मीसुद्धा त्यांनाच मनातल्या मनात नावं ठेवत जिना चढलो. आणि दुसऱ्या दिवशी दारात मिनोवाबाई. हातात डबा. योकान. आता तुम्हाला माहितीये, बिस्किटं म्हणजे चुकून पायावर पाय पडला, मोनाकाची मिठाई म्हणजे जरा जास्त झालं, आणि योकान म्हणजे... योकानचं वजन हातात आलं की समजायचं, समोरचा माणूस आतून मोडलाय. वाकल्या त्या, पार उंबऱ्यापर्यंत. 'कुरामोचीसान, माझ्या गादीचा फार त्रास झाला तुम्हाला.' मी म्हटलं, छे छे, त्रास कसला. आणि डबा घेतला. आणि खाल्ला! बायकोने कापून दिला चहाबरोबर, मी दोन तुकडे जास्त खाल्ले!

आणि मग तो शनिवार. दुपारची वेळ, बाहेर धो धो, मी माझ्या खोलीत हेडफोन लावून 'माफी नाही!'चे ठोके जागेवर बसवतोय. आता ठोका बसवायचा म्हणजे तोच तुकडा परत परत वाजवायचा असतो, धप्प, धप्प-धप्प, धप्प, धप्प-धप्प, तासन्‌तास. मला शिंक आली. सटकन हेडफोन घसरला कानावरून. आणि आवाज... थांबलाच नाही! धप्प, धप्प-धप्प! मी हेडफोनकडे बघतो, तो मांडीत. मी भिंतीकडे बघतो. आवाज पडद्यामागून! पडद्यामागे माझे दोन स्पीकर, बायकोला दिसू नयेत म्हणून लपवलेले, खिडकीबाहेर तोंड करून ठेवलेले. माझी समजूत अशी की हेडफोन खुपसला की स्पीकर गप्प होतात. नाही होत! त्याला वेगळं बटण असतं! एवढंसं, हिरवं! इतके दिवस मी आतमध्ये कान बंद करून बसलेलो आणि बाहेर सबंध इमारतीला मिनोवाबाईंची गादी ऐकवतोय! बायकोला हाक मारली, म्हटलं, तुला ऐकू येत नव्हतं? तर म्हणते, 'येत होतं की. मला वाटलं मिनोवाबाईच आहेत. बिचाऱ्या, म्हातारपणी होतं असं.'

म्हातारपणी होतं असं! कळतंय का तुम्हाला मी काय करून ठेवलं? चूक माझी आणि माफी तिची, घरोघरी, दारोदारी, योकान घेऊन!

तसाच उठलो. बायको म्हणाली, 'अहो, हात हलवत काय जाता, डबा घ्या.' डबा घेतला, बेल वाजवली, दार उघडलं, आणि तोंडातून काय निघालं? तोच एक शब्द, सुमिमासेन! आता मला सांगा, कुणी केली हो ही आपली भाषा? माफ करा म्हणायचं तर सुमिमासेन, आभारी आहे म्हणायचं तर सुमिमासेन, हॉटेलात चहा मागवायचा तरी सुमिमासेन! मी म्हणतोय सुमिमासेन, म्हणजे बाई, मी पापी आहे. त्यांना ऐकू येतंय सुमिमासेन, म्हणजे तुमच्या योकानबद्दल आभार, ही घ्या परतभेट. त्या म्हणाल्या, 'कशाला कशाला! चूक माझी, सुमिमासेन.' मी म्हटलं, 'नाही, सुमिमासेन!' त्या खाली वाकल्या. मी त्यांच्याहून खाली. त्या आणखी खाली. मला कमरेचा त्रास आहे, तिथे मी हरलो. दार बंद. वर माझ्या परतभेटीबद्दल तिसऱ्या दिवशी त्यांचा डबा हजर. दुप्पट जड!

म्हटलं, ठीक आहे, उशिओदासाहेबांना सांगू, ते सूचना काढतील. गेलो. म्हटलं, 'साहेब, तो आवाज माझा होता. मी पंक करतो.' त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. अंगात हा असाच स्वेटर, हातात मुळ्याची पिशवी. 'तुम्ही?' 'हो.' 'पंक?' 'हो साहेब.' डोळे भरून आले त्यांचे! 'कुरामोचीसान, शेजारणीचा दोष स्वतःवर घेता? अहो, अशी माणसं राहिली कुठे हल्ली!' आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यात माझं नाव झालं. चांगला माणूस म्हणून! ही शिक्षा बघा, भोगतोय कोण आणि कौतुक कुणाचं!

हसताय तुम्ही. मीही हसलो असतो हो. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत मिनोवाबाई जिन्यात भेटल्या, कठड्याला पाठ लावून उभ्या. गादी बडवणं त्यांनी केव्हाच सोडलेलं, मऊ कुंच्याने नुसती झटकायच्या. म्हणाल्या, 'कुरामोचीसान, मला एक सांगाल? पावसात मी खरंच गादी बाहेर टाकायचे का? मला काही केल्या आठवत नाही. पण सगळे म्हणतात म्हणजे टाकत असेन ना? मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, आता तू एकटी राहायचं नाहीस. निइगाताला तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांची सोय आहे. या रविवारी घ्यायला येतेय. चांगली जागा आहे म्हणे. गाद्यासुद्धा तिथलेच लोक वाळवतात.' आणि हसल्या. एक हिरवं बटण! एका हिरव्या बटणापायी मी एका शहाण्या बाईला पटवून दिलं होतं की तिला वेड लागलंय!

बोलून होणार नव्हतं. माझ्या तोंडातून एकच शब्द निघतो आणि तो दगा देतो. हात धरला मी त्यांचा. परक्या बाईचा हात, जिन्यात! ओढत घरी आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं, अंबाडा सांभाळून हेडफोन घातला कानावर आणि 'माफी नाही!' लावलं. पूर्ण. गिटारींसकट.

बसल्या बाई. ताठ. भुवई हलेना. मला घाम फुटला. आणि मग बघतो तर उजव्या हाताचं मनगट हलायला लागलं. एवढंसं. धप्प... धप्प-धप्प... संपलं. हेडफोन काढून मांडीत ठेवला त्यांनी. 'हा माझा हात आहे.' मी म्हटलं, हो. 'पावसात वाजत होतं ते हे?' हो. 'मी नव्हते?' मी म्हटलं, 'नाही बाई. तुम्ही एकदाही नव्हता. मी होतो.' माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य, ज्यात सुमिमासेन नव्हतं!

रडल्या हो. मी म्हटलं, आता शिव्या देतील, द्याव्यातच. तर पदोपदी वाकणारी ती बाई उठली, सरळ फोन लावला. 'मुली, येऊ नकोस. मी ठणठणीत आहे. शेजारचा माणूस बिघडलेला आहे.' आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून उभा. म्हणाल्या, 'कुरामोचीसान, हे बरोबर नाही.' म्हटलं, मान्य आहे, चोरीच आहे. 'चोरीचं नाही म्हणत मी. ठोका बरोबर नाही! त्या दिवशी मी नुसती धूळ काढत होते, रागात नव्हते. ही आमच्या ह्यांची गादी आहे. जाऊन किती वर्षं झाली, पण जन्मभरात या माणसाने मला एकदा सुमिमासेन म्हटलं नाही. एकदा! मला खरं मारू द्या. तुम्ही तुमचं यंत्र नीट लावा.'

आणि मारलं! अहो, कठडा हलला! खालच्या कबुतरांनी इमारत सोडली! मी इकडे हिरवं बटण दाबून दाबून बंद केलंय, हेडफोन लावलाय, मी गप्प, मी निर्दोष, आणि ही बाई पाऊस म्हणत नाही, ऊन म्हणत नाही, रोज संध्याकाळी काठी घेऊन गॅलरीत! वर भिंतीवर टकटक, 'कुरामोचीसान, मधला ठोका मागे पडला का? परत घेऊ?' सूचना पुन्हा लागली. चित्र तेच, फक्त अश्रू पुसलेत. आणि त्यांना म्हटलं, बाई, निदान लोकांना एक डबा... तर काय म्हणाल्या? 'चालीचं नाव काय ठेवलंय तुम्ही?' मी म्हटलं, 'माफी नाही!' 'मग?'

आता बोला! म्हणून मी फिरतोय. दर दाराशी, योकान घेऊन. लोक म्हणतात, शेजारणीसाठी एवढं कोण करतं! आणि मी ते ऐकून मान खाली घालतो, त्यांना वाटतं विनय आहे. आणि खरं सांगू का, कुणाला सांगू नका... ठोका असा बसलाय, असा बसलाय की... ऐकलंत? वर खुर्ची सरकली. आल्या गॅलरीत. तुमचं बाळ निजलंय का? उचलून मागच्या खोलीत न्या. डबा दोन्ही हातांनी धरा, जड आहे. चूक तिची आणि माफी माझी. सुमिमासेन! ...आता हे 'माफ करा' की 'आभारी आहे' ते मला विचारू नका. माझं मलाच कळेनासं झालंय.