राजाचं रडणं

…अरे, उठू नकोस, पाटी तुझ्या उशाशीच आहे—आणि बोलायला बघू नकोस, स्वरयंत्र काढल्यावर घशाला ताण नको म्हणालेत. लिही सावकाश. तर काय सांगत होतो? हां, आपल्या कार्टूनचं रेकॉर्डिंग. हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट रे, मातीच्या पाट्यांवर लिहिलेली—आणि आता त्याच राजाचे टी-शर्ट घालून पोरं हिंडतात, मोबाइलवर त्याचा गेम खेळतात. काल बेकरीत ब्रेड मागितला, तर गल्ल्यावरची मुलगी म्हणते, तुमचा आवाज कार्टूनमधल्या राजासारखा आहे. म्हटलं, बाई, मीच तो. लगेच विचारते, मग त्याच्या मित्राचा आवाज कोणाचा?—सांगितलं ना, तुझंच नाव सांगितलं.

नवा माणूस? तुझ्या जागी, मित्राच्या मरणाच्या प्रसंगापुरता आणलाय. बरा आहे. म्हणजे कसला बरा—मरतानासुद्धा बातम्या दिल्यासारखा बोलतो. तू माइकसमोर शेजारी उभा राहून माझ्या बरगडीत कोपर खुपसायचास, तेव्हा कुठे माझा राजा पेटायचा. पण रडणं एका दमात झालं बघ. मित्र गेलाय, राजा प्रेत सोडायला तयार नाही—काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला डोळे पुसत होता. पुढे राजा अमर करणारी वनस्पती आणायला जातो, समुद्राच्या तळातून आणतो, आणि साप ती खाऊन टाकतो. त्याचं एक बरं आहे, सापाला तरी शिव्या घालता येतात. मी कुणाला घालू? तुझे रिपोर्ट घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, तर म्हणाले, पसरलंय, आता औषध द्यायचं ते फक्त दुखू नये म्हणून—

म्हणजे—तसं नाही. तसं नाही म्हणाले ते. थांब. वहिनी तुला काही बोलल्या नाहीत? अरे देवा. मला वाटलं… माझ्या तोंडाला काही धरबंध नाही, तुला ठाऊक आहे. असा बघू नकोस रे माझ्याकडे. माझ्या हातात काहीच नाही, म्हणून येतो आणि नुसता बडबडत सुटतो. वहिनींना हाक मारू? नको? बरं, नको.

काय लिहितोयस? थांब, चष्मा कुठे गेला—‘रडणं ऐकव’? आत्ता? इथे? अरे, तिथे माइक होता, अंधार होता… हसतोस काय? बरं. बरं बाबा, ऐकवतो. पाणी पितो जरा. हं, ऐक.

…

नाही निघत रे.

कोपर मार ना एकदा.