धाकट्याचा रकाना

— नाही, ती खुर्ची सोडून कुठेही बसा, त्या डब्यावर बसा, दणकट आहे — हं, तर या तुकड्याचं नाव हवंय तुम्हाला. नाव सगळ्यात शेवटी, आधी वागणूक. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता दिसतोय ना? एका शाळेच्या भंगारात आला. मी शाळेत टिकलो नाही, म्हणून शाळाच माझ्या दुकानात आली. त्यात उभ्या रकान्यातले सगळे भाऊबंद — एकाचा स्वभाव कळला की बाकीच्यांचा अंदाज येतो. पहिल्या रकान्यातला असता तर सुरीने कापला गेला असता, पाण्यात उसळला असता. हा तसा नाही. चकाकतो, हलका आहे — म्हणजे अ‍ॅल्युमिनियम? इथेच तर लोक फसतात. दोन गुणांवर सोयरीक जुळवू नये. कानशीने घासला, सिरक्याचा थेंब टाकला — बघा, फसफसला. अ‍ॅल्युमिनियम ढिम्म राहिलं असतं. म्हणजे त्याच ओळीत, एक घर अलीकडे, दुसरा रकाना. मॅग्नेशियम.

आमच्या धाकट्या भावाला हे किती वेळा सांगितलं — पण थोरल्याचं ऐकेल तर तो धाकटा कसला. हलकं आहे, चकाकतंय, झालं, ढीगच्या ढीग भट्टीत लोटला. पेटल्यावर वर पाणी ओतलं — यावर पाणी म्हणजे आगीत तेल परवडलं. शेड गेली, भट्टीवाल्याचा एक डोळा गेला, आणि धाकटे महाराज धूर विरायच्या आत पसार. शेड काय हो, पुन्हा उभी राहिली. पण भट्टीवाल्याच्या घरी मी एकटा गेलो, त्याच्या बायकोच्या शिव्या एकट्याने खाल्ल्या — ते कशात मोजायचं?

चहा घ्या ना. नको? भाव विचारत नाही, चहा घेत नाही, नजर मात्र सारखी त्या खुर्चीवर. तुकडा एका कडेने वितळलेला, आणि त्यावर ही फुली — आमच्या मालावर मीच मारतो छिन्नीने. तुमची जागा ओळखायला सिरका कशाला हवा? त्यानेच पाठवलंय तुम्हाला. बरा आहे ना? — नको, सांगू नका.

तक्ता करणाऱ्याने म्हणे काही घरं मोकळी सोडली होती, जे अजून सापडले नव्हते त्यांच्यासाठी. तो शहाणा माणूस; मी व्यापारी, मला जागा अडवून ठेवणं परवडत नाही. खुर्ची? ती रोज पुसतो ते धुळीमुळे, भंगाराचं दुकान आहे हे — तुम्ही काय बघताय? तुकडा इथेच राहू द्या. त्याला सांगा, आधी भट्टीवाल्याचं दार, मग माझं. उठा आता, मला गिऱ्हाईकं आहेत.