अट क्रमांक अकरा व नोंदीत नसलेली खोली

मी, ऑफिसात 'अटबाई' म्हणून ओळखली जाणारी, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, खरेदी शाखेची प्रमुख, राहणार ऑफिसच्या मागच्या इमारतीत दुसरा मजला, आज गुरुवारी दुपारी पावणेबारा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, माझे पती, वय ६१, याच ऑफिसच्या संगणक शाखेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त, हे काल सकाळपासून घरी आलेले नाहीत. ते कुठे आहेत हे मला माहीत आहे. तरीही ते हरवल्याची तक्रार द्यायला मी आले आहे. इथे हवालदारांनी पेन खाली ठेवले. मी त्यांना म्हणाले, आधी सगळे ऐका, आणि जरा भराभर लिहा.

आमच्या ऑफिसातल्या रजा, बदल्या, गोदाम, सगळे एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालते. ते माझ्या पतींनी सव्वीस वर्षे सांभाळले. तिथे त्यांना फ्लॉपीकाका म्हणत. आता सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचे ठरले आहे. हे काम बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचे, म्हणून निविदा काढायची. आणि निविदा कशी काढायची हे सांगायला एक सल्लागार नेमला. सल्लागार नेमायलाही निविदा काढावी लागली. ती मी एकटीने काढली. म्हणजे सल्लागाराशिवाय निविदा निघते हे तिथेच सिद्ध झाले होते, पण ते कुणी मनावर घेतले नाही.

सल्लागारांनी चार महिने लावून २१२ पानांचा मसुदा दिला. तो त्यांनी कुठल्या तरी रुग्णालयाच्या कामावरून उचलला असावा, कारण पान ८८ वर 'पुरवठादाराने चादरी रोज बदलाव्यात' अशी अट होती. ती काढा म्हटले, तर निविदा समितीचे म्हणणे पडले की मसुद्याची छाननी झाली आहे, आता हात लावायचा नाही. पुढे सात कंपन्यांचे देकार आले. सहा कंपन्यांनी चादरींपुढे 'मान्य' लिहिले. सातवीने विचारले, एकेरी की दुहेरी.

मसुद्यात एकच जागा कोरी होती, अट क्रमांक अकरा, मुख्य तज्ज्ञाचा अनुभव. ती मी भरायची होती. ती मी घरी जेवणाच्या टेबलावर भरली. हे माझे चुकले. मी पतींना विचारले, "अहो, या कामाला माणूस कसा लागेल?" त्यांनी चष्मा पुसला आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले. याच प्रणालीवर किमान पंचवीस वर्षे प्रत्यक्ष काम. गोदामाची जुनी यादी तोंडपाठ. स्वभाव शांत. 'स्वभाव शांत' तेवढे मी गाळले, बाकी तसेच छापून आले. असा माणूस जगात एकच आहे आणि तो आत्ता माझ्यासमोर बसून ताट पुसून खातो आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. तीस वर्षे समोर असलेला माणूस दिसेनासा होतो, हे मी आता कबूल करते.

निविदा निघाल्यावर मी ऑफिसात असताना कंपन्यांची माणसे एकेक करून आमच्या घरी येऊन गेली. सगळ्यांनी त्यांना सर म्हटले. निवृत्तीनंतर ऑफिसातून त्यांना एकच फोन आला होता, तोही ओळखपत्र परत करा म्हणून. मी घरी आल्यावर ते सांगत, "आज एक जण आले होते. फार सज्जन. सही मागितली, दिली." मी कागदांतून मान वर न काढता 'हं' म्हणत असे. असे सात वेळा झाले.

सोमवारी मी नियमाप्रमाणे लिहून दिले की माझा कोणताही नातेवाईक कोणत्याही कंपनीशी संबंधित नाही. मंगळवारी पाकिटे उघडली. पहिल्या पाकिटात मुख्य तज्ज्ञ म्हणून माझ्या पतींचा फोटो निघाला. तो आमच्या मुलीच्या लग्नातला असून मला कापून काढलेले आहे. माझ्या खांद्याचा हिरवा कोपरा तेवढा राहिला आहे. दुसऱ्या पाकिटातही तोच फोटो, तोच कोपरा. सातही पाकिटांत तेच. हे माझे पती आहेत, असे मी म्हणाले. समितीतले हिशेब तपासनीस मात्र म्हणाले, "एकाच कंपनीकडे काका असते तर पक्षपात झाला असता. सगळ्यांकडेच आहेत, म्हणजे स्पर्धा अगदी निकोप आहे." सर्वांना चाळीसपैकी चाळीस गुण देण्यात आले. माझ्या सोमवारच्या लेखी म्हणण्याचे मात्र बघू, असे साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी बोलाचाली झाली. मी म्हणाले, "तुम्ही माझी नोकरी घालवणार." ते म्हणाले, "सात जणांना वाटलं, मी लागतो. तुला वाटतं का?" मी म्हणाले, "मला उद्याची टिपणी करायची आहे." हे जसेच्या तसे लिहा.

काल बुधवारी अकरा वाजता सातही कंपन्यांनी आपापला तज्ज्ञ समितीपुढे उभा करायचा होता. बाहेर सात कंपन्यांची माणसे एकाच दाराकडे डोळे लावून बसली होती. पती आले नाहीत. मला वाटले, रुसून घरी बसले असतील. साडेसहाला घरी गेले, तर टेबलावर त्यांचा फोन व चिठ्ठी होती. चिठ्ठीत लिहिले आहे, "सातही जणांना शब्द दिलाय. तुझ्या नोकरीचंही आहे. म्हणून कुणाकडेच जात नाही." नणंदेकडे, मुलीकडे, त्यांच्या न्हाव्याकडे विचारले. कुठेही नव्हते.

आज सकाळी ऑफिस उघडले. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शिरताना पडद्यावर रोज 'शुभ दिवस' अशी ओळ येते. आज चौदाशे पडद्यांवर ओळ आली, "खालच्या यंत्रखोलीत आहे. दाराची कडी आतून निखळली. काल साडेदहापासून. घाई नाही."

ही यंत्रखोली तळघरात आहे. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत ती मोडीत काढल्याचे दाखवले आहे. प्रत्यक्षात जुने सॉफ्टवेअर तिथूनच चालते. खोलीच नाही म्हटल्यावर किल्ली परत मागणार कोण, म्हणून ती त्यांच्याकडेच राहिली. मी सुरक्षा प्रमुखांना म्हणाले, दार तोडा. ते म्हणाले, "ताई, रजिस्टरला कुठल्या खोलीचं दार तोडलं म्हणून लिहू?" संगणक शाखेने सांगितले, पडद्यावरची ओळ ही तक्रार धरता येत नाही, काकांनी रीतसर तक्रार क्रमांक घ्यावा. मधल्या वेळात सातही कंपन्यांची पत्रे आली की आमच्या तज्ज्ञांनी जागेवर काम सुरू केले आहे. शेवटी साहेबांनीच मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या. बाहेरच्यांनी दार तोडलं तर आमची सही लागत नाही."

मी खाली जाऊन आले. दार लोखंडी आहे आणि आत यंत्रांचे पंखे चालू असतात, बोललेले पोचत नाही. मी तीनदा ठोठावले. आतून तीनदा आले. त्यांना रक्तदाबाची गोळी दोन्ही वेळा लागते. कालची संध्याकाळची व आजची सकाळची चुकली आहे. मी गोळ्यांचे पाकीट दाराखालून सरकवून पाहिले, जात नाही. धूळ शिरू नये म्हणून दाराला रबरी पट्टी आहे. ती त्यांनीच पाठपुरावा करून बसवून घेतली होती. मंजूर करणारी टिपणी माझी होती.

कुणावर संशय आहे का, असे हवालदारांनी विचारले. अट क्रमांक अकरावर आहे. ती लिहिणारी मीच आहे, आणि समितीपुढेही मी हेच सांगणार आहे. सोमवारचे ते लेखी म्हणणे खोटे ठरले, त्याचे जे व्हायचे ते होऊ दे. आज त्याची पर्वा नाही.

जबाब चालू असताना शाखेतल्या टंकलेखिकेचा फोन आला. काम सोडून सगळे जण सारखे सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून पुन्हा शिरत आहेत, नवी ओळ वाचायला. आत्ता चौदाशे पडद्यांवर अशी ओळ आहे, "गोळी चुकल्याचं घरी कळवू नका. ती घाबरते."

वरील मजकूर हवालदारांनी वाचून दाखवायला घेतला. तो मी सांगितल्याप्रमाणेच असणार, म्हणून मी त्यांना अर्ध्यावर थांबवले. उरलेला गाडीत वाचा, सही तिथेच करते. गोळ्या माझ्या हातात आहेत.